पाळी पुढे-मागे का होते? शहापूर, उल्हासनगरच्या घटनांनंतरही घरात न बोलला जाणारा विषय

ठाणे : जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुका राज्यभरच्या बातम्यांत आला. कारण होतं एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात दिसलेले रक्ताचे डाग. पालकांच्या तक्रारीनुसार पाचवी ते दहावीच्या मुलींना हॉलमध्ये बोलावण्यात आलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवण्यात आले आणि कोणाकोणाला पाळी आली आहे, असं विचारण्यात आलं. ज्या मुली 'हो' म्हणाल्या त्यांची नोंद झाली. ज्या 'नाही' म्हणाल्या त्यांना स्वच्छतागृहात नेऊन तपासण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात जमले. पोलिसांनी पोक्सोसह इतर कलमांखाली गुन्हा नोंदवला. मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी, मे २०२३ मध्ये, उल्हासनगरात यापेक्षा भयंकर घडलं होतं. बारा वर्षांच्या एका मुलीच्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला. ती तिची पहिलीच पाळी होती. तिला स्वतःला काय झालंय ते सांगता आलं नाही, आणि मोठ्या भावाला ते समजलं नाही. त्याने तिच्या चारित्र्यावर संशय घेतला आणि तिला मारहाण केली. मुलगी वाचली नाही. भावाला अटक झाली.

दोन्ही घटना ठाणे जिल्ह्यातल्या. एक शाळेतली, एक घरातली. शाळेत शिकलेली माणसं होती, घरात कमावता भाऊ होता. पण रक्ताचा डाग कधी, कोणाला, का दिसतो याची साधी माहिती दोन्हीकडे कामी आली नाही. आरोपींचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. पण पाळी लवकर आली, उशिरा आली, महिन्यातून दोनदा आली, तीन महिने आलीच नाही, अशा वेळी घरातली मोठी माणसं आजही आधी बाईकडे संशयाने बघतात, नाहीतर 'बायकांचं चालायचंच' म्हणून सोडून देतात. या दोन टोकांच्या मध्ये तपासणी नावाची गोष्ट असते, ती राहूनच जाते.

आधी मोजायचं कसं?

गावात विचारलं तर निम्म्या बायका सांगतात, "माझी पाळी महिन्यातून दोनदा येते." खोलात गेलं की कळतं, १ तारखेला आली आणि २८ तारखेला परत आली. हे २७ दिवसांचं चक्र झालं. एकदम व्यवस्थित. महिना ३०-३१ दिवसांचा असतो आणि शरीर कालनिर्णय बघून चालत नाही, म्हणून एका महिन्यात दोनदा आल्यासारखं वाटतं.

मोजायचं ते असं. ज्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. तिथपासून पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस म्हणजे एक चक्र. मोठ्या बाईचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असेल तर काळजीचं कारण नाही. कधी २६, कधी ३०, असं चार-पाच दिवस पुढे-मागे होणं हेही चालतं. रक्तस्राव २ ते ७ दिवस राहतो. एका पाळीत साधारण दोन-तीन मोठे चमचे इतकंच रक्त जातं. पॅडवर किंवा कापडावर पसरल्यामुळे ते जास्त वाटतं.

दोन पाळ्यांच्या बरोबर मधल्या दिवसांत, म्हणजे अंडं बाहेर पडताना, काही जणींना एखादा दिवस थोडासा डाग दिसतो. तीही दुसरी पाळी नव्हे.

वयात येणाऱ्या मुलींचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे बहुतेक मुलींना १२ ते १४ या वयात पाळी सुरू होते, काहींना नऊ-दहाव्या वर्षीही. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि अंडाशय यांचा ताळमेळ बसलेला नसतो. दर महिन्याला अंडं तयार होतंच असं नाही. त्यामुळे एकदा २२ दिवसांनी, मग ४५ दिवसांनी, मग दोन महिने काहीच नाही, असं होऊ शकतं. वर्गात बसल्या बसल्या तारखेच्या आधीच पाळी येणं हे या वयात अगदी नेहमीचं आहे. शहापूरच्या त्या हॉलमध्ये अशा वयाच्या मुलींना हात वर करायला लावलं होतं. ज्या वयात मुलीला स्वतःलाच पुढची तारीख माहीत नसते, त्या वयात.

तरीही मुलींच्या बाबतीत तीन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही. एकदा सुरू झाल्यावर सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गायब राहिली. किंवा पहिल्या पाळीपासूनच इतकं रक्त जातं की शाळा बुडते. शेवटच्या प्रकारात मुलीच्या नाकातून वारंवार रक्त येतं का, हिरड्यांतून येतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रक्त न गोठण्याचा आजार काही मुलींमध्ये असा पाळीतूनच पहिल्यांदा लक्षात येतो.

पाळी चुकली तर पहिला प्रश्न

लग्न झालेली असो वा नसो, पाळी चुकली तर दवाखान्यात पहिली तपासणी गरोदरपणाची होते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, आणि डॉक्टर संशय घेतायत असंही नाही. ही तपासणी झाल्याशिवाय पुढची औषधं देताच येत नाहीत. आशाताईंकडे लघवीच्या तपासणीची पट्टी मोफत मिळते.

गरोदर असताना रक्त गेलं तर मात्र एक दिवसही थांबू नये. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला कळ, चक्कर आणि थोडंसं रक्त, हे गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिल्याचं लक्षण असू शकतं. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर फारसं काही दिसतही नाही. अशा वेळी १०८ ला फोन.

दुसरा प्रकार जास्त लपवला जातो. मेडिकलमधून 'पाडायच्या गोळ्या' आणून घरीच घेतल्या जातात. मग रक्त दोन-दोन, तीन-तीन आठवडे थांबत नाही, आणि घरी सांगितलं जातं की पाळी बिघडली. गर्भाचा काही भाग आत राहिला असेल तर जंतुसंसर्ग होऊन जिवावर बेततं. गर्भपात कायद्याने गुन्हा नाही. नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरांकडे तो २० आठवड्यांपर्यंत करता येतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही प्रकारच्या महिलांसाठी २४ आठवड्यांपर्यंत. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याच्या सहीची गरज नाही. हे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. काही दवाखान्यांतही ते माहीत नसल्यासारखं वागलं जातं.

अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी महिनोन्महिने येत नाही, किंवा आली तरी वेडीवाकडी येते. ते नैसर्गिक आहे. मात्र पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, हा समज खोटा. पाळी परत यायच्या आधीच अंडं तयार होऊ शकतं आणि दुसऱ्यांदा दिवस राहतात.

तांबी, सुई आणि गोळ्या

आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गर्भनिरोधक साधनांनी पाळी बदलते. ही गोष्ट साधन देतानाच नीट सांगितली गेली तर अर्धी भीती संपते. पण गर्दीत ती राहून जाते.

तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने रक्त जास्त जातं, पोट जास्त दुखतं. नंतर बऱ्याच जणींचं कमी होतं. अंतरा नावाची तीन महिन्यांची सुई घेतली की आधी अधूनमधून डाग पडतात आणि पुढे पाळी बंदही होऊ शकते. गावात लगेच चर्चा होते, 'पाळीचं रक्त पोटात साठतंय'. असं काही साठत नाही. सुईमुळे पिशवीचं अस्तर वाढतच नाही, म्हणून बाहेर पडायला रक्तच नसतं. सुई बंद केल्यावर पाळी परत येते, पण काही महिने लागतात. छाया ही आठवड्याची गोळी. तिच्यात हार्मोन नाहीत, तरी तिनेही पाळी लांबते. माला-एन रोज घ्यायची असते. दोन-तीन दिवस विसरली की मध्येच रक्त दिसतं.

संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी हा तातडीचा उपाय आहे. तिच्यामुळे पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. काही जणी ती महिन्यातून तीन-तीन वेळा घेतात आणि मग तारखांचा पत्ताच लागत नाही.

आणि गणपतीच्या गोळ्या. श्रावण लागला की कल्याण-डोंबिवलीपासून मुरबाड-किन्हवलीपर्यंतच्या मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी सुरू होते. घरात गणपती, गौरी, नंतर नवरात्र, मध्ये कोणाचं लग्न, सत्यनारायण. सासू सुनेसाठी आणते, आई मुलीसाठी आणते, नवरासुद्धा नाव न घेता कागदावर लिहून आणतो. या गोळ्या हार्मोनच्या असतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि अनेकदा नेहमीपेक्षा जास्त जाते. एखाद्या वेळेस डॉक्टरांना विचारून घेतली तर बहुतेक निरोगी बायकांना त्रास होत नाही. पण ज्यांना पायाच्या शिरेत गाठ झाली होती, लिव्हरचा आजार आहे, अर्धशिशी आहे किंवा दिवस गेलेले असू शकतात, त्यांच्यासाठी ती धोक्याची ठरू शकते. आणि एका हंगामात तीन सणांसाठी तीनदा घेतल्यावर पाळी बिघडली तर तक्रार शरीराची करायची का? देवाने कधी चिठ्ठी मागितली नाही. मागतात ती माणसं.

शहरात वजन, वाडीत उपास

डोंबिवली, कल्याण, बदलापूर पट्ट्यातल्या दवाखान्यांत तरुण मुलींच्या तोंडी सध्या एक शब्द सारखा असतो, पीसीओडी. डॉक्टर पीसीओएसही म्हणतात. अंडाशयात अंडी पूर्ण वाढत नाहीत, पुरुषी हार्मोनचं प्रमाण वाढतं, पाळी दोन-दोन, चार-चार महिने लांबते आणि आली की थांबत नाही. सोबत हनुवटीवर केस, मुरुमं, मानेवर काळपट जाड पट्टा, वजन वाढणं. सगळ्यांत सगळीच लक्षणं नसतात. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. सोनोग्राफीत अंडाशयावर दिसणाऱ्या बारीक फोडांना 'गाठी' म्हटलं जातं आणि घरात रडारड होते. त्या काढायच्या गाठी नसतात. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. म्हणजे ७० किलोच्या मुलीने साडेतीन ते सात किलो. हे ऐकायला सोपं वाटतं. पहाटे साडेपाचला आसनगाव किंवा टिटवाळ्याहून लोकल पकडणारी, रात्री नऊला घरी येऊन भाकऱ्या थापणारी बाई व्यायाम कधी करणार, हा प्रश्न सल्ला देणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

पीसीओएसकडे दुर्लक्ष केलं तर पुढे मधुमेहाचा धोका असतो. वर्षानुवर्षं पाळी तीन-तीन महिन्यांनी येत राहिली तर पिशवीचं अस्तर जाड होऊन त्यातून कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणून 'लग्न झालं की होईल सुरळीत' हा उपाय नव्हे. लग्नाने हार्मोन बदलत नाहीत.

थायरॉईडचं दुखणं याच्या शेजारीच बसलेलं असतं. थायरॉईड कमी काम करत असेल तर पाळी जास्त किंवा लवकर येते, थकवा, केस गळणं, अंगावर सूज. जास्त काम करत असेल तर पाळी कमी होते, छातीत धडधड होते. एका रक्ततपासणीत कळतं आणि गोळीने आटोक्यात येतं. पाळीसाठी वर्षभर काढे पिणाऱ्या कितीतरी जणींची ही एक तपासणी झालेलीच नसते.

वाड्या-पाड्यांवर गोष्ट उलटी असते. भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जाणारी कुटुंबं पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. दिवसभर चिखल-माती, खायला तांदूळ आणि मिरची. शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही, वजन फार घटलं, कष्ट मात्र दुप्पट झाले, तर मेंदू पाळी थांबवतो. मूल वाढवण्याइतकी शिदोरी शरीरात नाही, असं तो ठरवतो. हेच परीक्षेच्या ताणात, घरातल्या मृत्यूनंतर, सततच्या मारहाणीत होऊ शकतं. रात्रपाळीत झोपेचं चक्र मोडलं तरी पाळी हलते.

पाळी हळूहळू कमी होत बंद झाली असेल, सोबत संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, मूल न राहणं असेल तर क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. क्षय छातीतच होतो असं नाही. तो गर्भाशयात आणि नळ्यांतही होतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

चाळिशीनंतरचं रक्त

चाळिशी ओलांडली की पाळी जायच्या आधीची काही वर्षं ती पुन्हा वयात येणाऱ्या मुलीसारखी वागते. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, कधी भरपूर, कधी नुसता डाग. सोबत अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, चिडचिड होते. यातलं बरंच काही वयाचं आहे. पण सगळंच वयाचं म्हणून खपवता येत नाही, कारण याच वयात पिशवीत फायब्रॉईडच्या गाठी असतात, अस्तराला कोंब आलेला असतो, किंवा कर्करोगाची सुरुवात असते. फायब्रॉईडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. अनेक गाठींना काहीच करावं लागत नाही, नुसतं लक्ष ठेवायचं असतं.

दोन खुणा मात्र कोणत्याही बाईने विसरू नयेत. संबंधानंतर रक्त येणं. आणि पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर परत रक्त दिसणं, मग ते एक थेंब का असेना. पहिली खूण गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची असू शकते, दुसरी आतल्या अस्तराच्या. दोन्ही लवकर सापडले तर बरे होतात. गावात मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं की म्हातारीला 'परत तरुण झाली' म्हणून चिडवतात, आणि ती हसून विषय बदलते.

रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका कमी रक्तावर भात लावतात, भट्टीवर विटा वाहतात आणि लोकलमध्ये उभ्या राहून प्रवास करतात. मोठ्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी, ८ च्या खाली म्हणजे धोक्याचं.

ज्या बाईची पाळी वीस-वीस दिवसांनी येते आणि आठ दिवस जाते तिचं रक्त भरून निघायला वेळच मिळत नाही. जिना चढताना दम, डोळ्यांपुढे अंधारी, माती-खडू खाण्याची इच्छा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी याचसाठी असते. ती मळमळते म्हणून मुली दप्तरातच ठेवतात. जेवणानंतर घेतली, सोबत लिंबूपाणी घेतलं आणि तासभर चहा टाळला तर ती पोटाला सोसते आणि अंगीही लागते.

एका तासात पॅड पूर्ण भिजतो आणि असं दोन-तीन तास सलग होतं, मोठ्या गाठी पडतात, रक्त आठवडा उलटूनही थांबत नाही, उभं राहिलं की चक्कर येते, यापैकी काहीही असेल तर पाळी संपायची वाट बघत बसू नये.

'पिशवी काढून टाका'

खरी अडचण पुढे सुरू होते. बाई शेवटी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, आणि पहिल्याच भेटीत सांगितलं जातं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

याचं सर्वांत मोठं आणि कडू उदाहरण बीडचं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचं समोर आलं. त्यांत पस्तिशीही न गाठलेल्या बायका होत्या. तक्रारी काय होत्या? अंगावरून पांढरं जातं, पाळी जास्त जाते, ओटीपोट दुखतं. यातल्या बऱ्याच तक्रारी औषधांनी बऱ्या होण्यासारख्या असतात. पण फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाने सुट्टी घेतली तर खाडा, खाड्याचा दंड. शौचालय नाही, पाणी नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही. मग पाळीच नको, असं बाईला वाटलं तर नवल नाही. त्यावर 'कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे भेटले. बीडमध्ये त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये असा नियम करावा लागला.

बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांविरोधात डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितलं. त्यांनुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असायला हव्यात, आणि चाळिशीच्या आतल्या महिलेची पिशवी काढली तर कारणासह नोंद व्हायला हवी.

पिशवी काढणं नेहमीच चूक असतं असं नाही. कर्करोग, खूप मोठ्या गाठी, कोणत्याच औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, अशा वेळी ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. प्रश्न घाईचा आहे. रक्तस्राव कमी करण्याच्या साध्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, कोंब किंवा गाठ तेवढीच काढता येते. चाळिशीच्या पुढे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवणं हे शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवं. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा, पाठदुखी. जी कटकट मिटवायची होती तिच्या जागी दुसरी येते आणि ती आयुष्यभर राहते.

शस्त्रक्रिया सुचवली की बाईने आणि सोबतच्या माणसाने हे विचारावं : नेमका आजार काय, तो कागदावर लिहून द्या. औषधाने किती दिवस प्रयत्न केला? तुकडा तपासला का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईपर्यंत थांबलं तर चालेल का? कर्करोगातही दुसरं मत घ्यायला चार-आठ दिवस मिळतात. 'आजच भरती व्हा' हे जोरात रक्त चालू असेल तरच खरं.

जायचं कुठे?

पहिली पायरी आशाताई आणि उपकेंद्र. तिथे गरोदरपणाची पट्टी, हिमोग्लोबिन आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. वयात येणाऱ्या मुलांमुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची केंद्रं आहेत. तिथे मुलगी आईसोबत किंवा मैत्रिणीसोबत जाऊन बोलू शकते. बऱ्याच पालकांनी हे नावही ऐकलेलं नाही.

सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी शहापूरकरांना उपजिल्हा रुग्णालय, भिवंडीत इंदिरा गांधी रुग्णालय, अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातूनही तिकडेच पुढे पाठवलं जातं. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, आणि मोठ्या उपचारांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आदल्या दिवशी आशाताईंकडून विचारून घ्यावं. डोळखांबहून शहापूरला जायचं म्हणजे एक मजुरी बुडते, आणि पोचल्यावर 'सोमवारी या' ऐकायला मिळालं की बाई परत कधीच येत नाही.

भगताकडे उतारा, पपई आणि गरम गुळाचा मारा, शेजारणीच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या, यांत महिने जातात. पपईने पाळी आली असं ज्यांना वाटतं त्यांची ती बहुतेक वेळा येणारच होती.

शाळेत किंवा इतर कुठे मुलीला पाळीवरून तपासणी, दमदाटी झाली तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. पाळी तपासायचा अधिकार शिक्षकाला नाही. वैद्यकीय तपासणी डॉक्टर करतात, तीही मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने.

दवाखान्यात जाताना गेल्या तीन पाळ्यांच्या सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या तारखा लिहून न्याव्यात. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये खूण केली तरी चालते, भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब मारलं तरी चालतं. दिवसाला किती पॅड किंवा कापडं बदलावी लागतात, तांबी किंवा सुई आहे का, पुढे ढकलायच्या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या, हे न लाजता सांगावं. जुनी सोनोग्राफी, जुने रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ठेवावीत. पाकिटावरचं नाव वाचता आलं नाही तरी डॉक्टरांना वाचता येतं.